सड्यावरचा कुकारो

बसा. लाईट गेली की इथं लवकर येत नाही, तोवर हा चार्जिंगचा दिवा पुरेल. बायको, वेरोनिका, चहा टाकतेय. तुम्ही ड्रोनचं विचारायला आलात ना, मग सगळं ऐकून जा, अर्ध्यात उठू नका. अर्धं ऐकून गेलेल्यांनीच कट्ट्यावर उठवलंय की पायस लोबोला हल्ली भास होतात. भास होणाऱ्या माणसाच्या हातात कोण आगीचा बंब देतं का हो? अजून चालवतो मी बंब. परवाच तोंडवलीला सुरूच्या बनातली आग विझवून आलो.

त्या दिवशी रविवार होता, माझी सुट्टी. आमचे कोरेज्माचे दिवस, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे, त्यामुळे घरात मटणाचं नाव नाही. चर्चमधली मिसा संपवून आलो तर वेरोनिकाने शर्ट बदलायच्या आधीच हातात पिशवी दिली. बाजाराच्या कट्ट्यावर जा, सुके बांगडे आण, सोलं आण, आणि वाटेत कुणाशी बोलत उभा राहू नकोस. हे शेवटचं ती रोज सांगते. मी कट्ट्यावर बांगडे निवडत होतो, आणि विकणारी बाई माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाली, "पायसदादा, सडो पेटलो वाटता."

वळून बघितलं. सडा म्हणजे आमच्या वाडीच्या वरचं जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत उगवतं आणि मार्चपर्यंत त्याचं सरपण होतं. त्याच्या खालच्या उतारावर सगळ्यांच्या काजूच्या बागा. गवताचा धूर पांढरा असतो. हा मधेमधे काळा होत होता, म्हणजे आग काजूत शिरली होती. काजूची बी जळली की तिच्यातलं तेल धुरात उतरतं, डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतं आणि घसा आवळतो. ऐन हंगाम होता, बोंडं पिकून खाली पडत होती. त्या उतारावर आमच्या अर्ध्या वाडीचं वर्ष लटकलेलं होतं.

तेवढ्यात आमचा बंब सायरन वाजवत आला. मंगेश चालवत होता. नवा पोरगा, हात चांगला आहे, पण सड्याची वाट त्याला ठाऊक नाही. मी हात केला, बंब थांबला.

"तुमची सुट्टी आसा ना?" मंगेश म्हणाला.

"आगीक सांग तसा. सरक तिकडे."

आणि बांगड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी बंब सड्यावर नेला. जिथं वाट संपते तिथं लावला. त्याच्या पुढे बंब जात नाही, पाईपही फार लांब पोचत नाही. त्याच्या पुढे जातात ती माणसं.

तिथं परशुरामतात्या आधीच पोचला होता. हा आमच्या गावातला आगीचा माणूस. सत्तरी ओलांडली असेल, अंगावर मांस नाही, पण वणवा लागला की पहिला तो. सोबत वाडीतले सात-आठ जण, हातात ऐनाचे आणि करवंदीचे ओले टहाळे, कंबरेला कोयते, तोंडाला भिजवलेले पंचे. तात्या आगीवर टहाळा आपटत नाही. आपटला की ठिणग्या उडतात आणि एकाच्या चार आगी होतात. तो टहाळा ज्वाळेवर दाबतो आणि ओढतो, झोपलेल्या पोरावर चादर घालावी इतक्या हळू. आयुष्यभर बघत आलोय, अजून बघत राहावंसं वाटतं.

त्या सात-आठ जणांत आमचा क्रिस्टोफर होता. एकुलता एक. तोंडवलीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, रविवारी घरी असतो. मला न सांगता वर आला होता. मला बघून पंच्याआडून हसला.

"आवशीक सांगलंस?" मी विचारलं.

"तुमी सांगलात?" तो म्हणाला.

मी पिशवी मागे लपवली. वेरोनिकाला मीही कळवलं नव्हतं.

आता ती ड्रोनवाली मुलगी. आमच्या मागोमाग एक जीप आली, तिच्यातून सँड्रीना उतरली, हातात मोठी काळी पेटी. वेंगुर्ल्याची. आंब्याच्या बागांवर ड्रोनने फवारणी करायची, पुढे तालुक्याच्या आपत्ती विभागाने तिच्या हातात हा आगीसाठीचा ड्रोन दिला. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिनं पेटी उघडली, पंखे जोडले. मी म्हटलं, "काय गो, कोणाच्या लग्नाचा शूटिंग आसा?"

"तुमचा लगीन होवन वर्सां झाली अंकल," मान वर न करता ती म्हणाली, "आता शूटिंग कित्याचा करू?"

मंगेश हसला. मला राग आला आणि ती आवडलीही.

ड्रोन उडवण्याआधी तात्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. सड्यावर चढताना तो नेहमी घालतो, आगीत जाणारा प्रत्येक जण नीट परत येऊ दे म्हणून. आम्ही ख्रिस्ती उभे राहून कपाळाला हात लावतो आणि क्रूस काढतो, बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. त्या दिवशी तात्याने शेवटी डोळे उघडून सँड्रीनाकडे आणि तिच्या ड्रोनकडे बघितलं आणि जोडून दिलं, "आणि ह्या चेडवाचा जा काय उडता, तेकाय सांभाळ म्हाराजा." सँड्रीनानेही क्रूस काढला. मग ते यंत्र घोंघावत वर गेलं आणि धुरात दिसेनासं झालं.

मी खोटं कशाला बोलू? पहिल्या पाच मिनिटांत माझी बोलती बंद झाली. तिच्या हातात पाटीएवढा पडदा होता. वरचा कॅमेरा उष्णता बघतो, गरम ते पांढरं, गार ते काळं. धूर त्याला आडवा येतच नाही. एवढी वर्षं बंब चालवला, पण धुराच्या पलीकडे काय आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आगीची पांढरी कड गवतातून सरकताना दिसत होती. एका बाजूला विझली असं आम्ही धरलेल्या जागेवर राखेखाली पांढरे ठिपके धुगधुगत होते. तिनं बोट ठेवलं, मंगेशनं पाईप तिकडे वळवला, आणि एक अख्खी बाग वाचली. तात्या पडद्यावर वाकून बराच वेळ बघत राहिला. "बरा आसा ह्या," तो म्हणाला. "माझ्या नाकाक आता वायच आराम." म्हातारा असं कुणाला म्हणत नाही हो. मला आपल्या मुलीचं कौतुक ऐकल्यासारखं भरून आलं, आणि मला तर मुलगीही नाही.

मग ठरलं. आग उतरत होती ती कोरड्या व्हाळाच्या कडेकडेने. व्हाळ म्हणजे पावसाळी ओढा, खोल आणि अरुंद. तात्या माणसं घेऊन व्हाळात उतरणार, आगीच्या पुढे जाऊन गवत कापून पट्टा मोकळा करणार, म्हणजे आग तिथं येऊन उपाशी मरेल. सँड्रीना वरून नजर ठेवणार. क्रिस्टोफर जाताना टहाळा खांद्यावर टाकून गेला, मागे वळला नाही. थोड्या वेळानं धुरातून त्यांचा कुकारो आला, बिनशब्दांची लांबलचक आरोळी, आणि मी दोन आखूड कुकारे मारून उत्तर दिलं.

हे नीट ऐका, पुढचं सगळं यावर आहे. सड्यावर धुरात कुणाला नावानं हाक मारायची नाही. हा तात्याचा नियम, त्याच्या आधी त्याच्या बापाचा. धुरात दिशा कळत नाही, आपलं नाव ऐकलं की माणूस रांग सोडून धावतो आणि भलतीकडे जातो. म्हणून कुकारो. एक लांब, म्हणजे तुम्ही कुठं आहात. दोन आखूड, म्हणजे इथं आहोत. लांब कुकारो पुन्हापुन्हा आला, तर त्याच्या रोखानं चालायचं. आणि नावानं हाक आलीच, तर ती आपल्या माणसाची नाही असं धरायचं. ओ द्यायची नाही. पाठ फिरवायची आणि उलट्या दिशेनं चालू लागायचं. आपल्या माणसाची नाही तर मग कुणाची, असं मी लहान असताना तात्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "जेंका काढूक कोण गेलो नाय, तेंची." म्हणजे आगीत राहून गेलेल्यांची. पुन्हा कधी विचारलं नाही.

सँड्रीनाला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं असं आमच्या डोक्यातही आलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. आणि तिच्या ड्रोनला भोंगा आहे, त्यातून ती खालच्या माणसांशी बोलू शकते, हे तिनंही आम्हाला सांगितलं नव्हतं.

ऊन कलतं झालं होतं. धुरानं सूर्य तांब्याच्या तबकाएवढा झाला होता, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. पक्षी गप्प होते. फक्त आगीचा कडकड आवाज आणि पिकल्या बोंडांचा भाजका गोड वास. आणि माझ्या डाव्या गालावर लागत होता तो वारा एकाएकी उजव्या गालावर लागला.

"अंकल…" सँड्रीना म्हणाली.

मी पडद्यावर बघितलं. वारा फिरला होता. आगीची एक जीभ व्हाळाच्या खालच्या तोंडातून आत शिरली होती आणि वर चढत होती, माणसांच्या मागून. पुढेही आग होतीच. मधे माणसांचे पांढुरके ठिपके, वाकून गवत कापत होते. त्यांना धुरात काही दिसत नव्हतं. त्यातला एक ठिपका माझा होता, आणि कुठला ते मला कळत नव्हतं.

"ह्या काळा चौकोन काय?" तिनं विचारलं. व्हाळाच्या उजव्या काठाला एक काळी चौकट दिसत होती.

"जुनी चिरेखाण. तळाक पाणी आसा."

"खाली उतरूक वाट?"

"ट्रकाची वाट आसा, एकाच बाजून. बाकी तीन बाजू सरळ कापलेल्यो. धुरात चुकले तर आत पडतले."

तिनं ड्रोन फिरवला. पडद्यावर खाणीची उतरती वाट शोधून काढली, डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही तिची. मग माईक तोंडाशी धरला आणि एकदम शुद्ध मराठीत, शाळेत प्रार्थना म्हणावी तसं, बोलू लागली. "परशुराम तात्या. क्रिस्टोफर. मागून आग येत आहे. उजवीकडे वर चढा. क्रिस्टोफर, परशुराम तात्या, उजवीकडे या."

आवाज आभाळातून आला. आम्हाला बंबाजवळसुद्धा ऐकू आला, धुराच्या पोटातून, बाईचा आवाज, नावं घेणारा.

पडद्यावरचे ठिपके थांबले. सगळे एकदम. क्षणभर तसेच उभे राहिले. आणि मग एकामागोमाग एक वळले, आवाजाकडे पाठ केली, आणि डावीकडे चालू लागले. सरळ आगीत.

"काय करतत?" सँड्रीनाचा आवाज चिरकला. "अंकल, खंय जातत ते?"

"नाव घेतलंस गो बाय… तू नाव घेतलंस." तिला समजावत बसायला वेळ नव्हता. मी तिच्या हातातून माईक ओढून घेतला. "खाणीच्या वाटेच्या वर ने. थयसर थांबव." तिनं का म्हणून विचारलं नाही. पडद्यावरची काळी चौकट मधोमध आली. मी छाती भरून घेतली आणि कुकारो मारला, लांब, जितका लांब निघेल तितका.

ठिपके थांबले.

पुन्हा मारला. एक ठिपका वळला. तो तात्या असणार. मग बाकीचे वळले. धुरातून दोन आखूड कुकारे आले, अगदी बारीक. मी रडत होतो की काय मला आठवत नाही, सँड्रीना सांगते रडत होतो. मी मारत राहिलो आणि ते आवाजाच्या रोखानं व्हाळाचा काठ चढू लागले. आग त्यांच्या टाचांशी होती, पडद्यावर पांढऱ्याला पांढरं लागायचं बाकी होतं.

आणि पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकू लागली. बॅटरी संपत आली होती.

"परत आणूक व्हयो," सँड्रीना म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. तो ड्रोन तिच्या सहीवर होता, तिच्या जबाबदारीवर. गेला तर पुन्हा कोण तिच्या हातात देणार होतं? तिनं एकदा त्या लाल अक्षरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "नाय आणत," ती म्हणाली. "उतरवतंय थयच. तुमी थांबू नकात. बोंबलत रवा." आणि तिनं ते यंत्र खाणीच्या वाटेच्या तोंडावर, आगीच्या वाटेत, खाली बसवलं, भोंगा व्हाळाकडे करून. मी आजवर पुष्कळ धीराची माणसं पाहिली. आपल्या हातानं आपली वस्तू आगीत ठेवणारी पोरगी ती एकच.

मी आणखी थोडे कुकारे मारले असतील. मग पडदा काळा झाला. संपर्क तुटला असं काहीतरी उमटलं आणि तेही गेलं. माईकमधला दिवा विझला.

सगळं गप्प झालं. ठिपके खाणीपासून अजून लांब होते आणि आता ते ठिपकेही दिसत नव्हते. मी माईक हातात धरून उभा होतो. मंगेश पाईप टाकून आमच्याजवळ आला. सँड्रीना पडदा हातावर आपटत होती.

तेव्हा सड्यावरून कुकारो आला.

लांब. खाणीच्या बाजूनं. थांबला, आणि पुन्हा आला. घाईत नाही, घाबरलेला नाही, मी घाबरलो नसतो तर मारला असता तसा. मला आधी वाटलं, तात्या. पण तात्याचा आवाज फाटका आहे. हा आवाज फाटका नव्हता. शेवटाला जरा वर चढत होता, आमच्या घरात सगळे त्यावरून मला चिडवतात.

सँड्रीना हळूच माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होती. माझं तोंड बंद होतं.

"अंकल… ह्यो तुमचो आवाज."

मंगेश दोन पावलं मागे सरकला, माझ्यापासून. आणि तो आवाज कुकारे मारत राहिला. तिन्हीसांज होईपर्यंत मारत राहिला. आम्ही तिघं तिथं उभे होतो, आणि मी मनात एकच म्हणत होतो, कोण असशील तो अस, थांबू नको. माझं पोर बाहेर येईस्तोवर थांबू नको. पाप असेल तर माझ्यावर, पण मी म्हटलं.

मग तो थांबला. आग खाणीच्या दोन्ही कडांनी पुढे गेली, उघड्या दगडावर आली आणि खायला काही न मिळाल्यामुळे बसली. अंधार पडायच्या सुमाराला ते आले. सगळे. तात्या पुढे, भुवया जळलेल्या. कमरेपर्यंत ओले, खाणीच्या पाण्यात बसून राहिले होते. क्रिस्टोफर सगळ्यांत मागे. मी त्याला मिठी मारली तर तो गारठलेला होता, बर्फासारखा, एवढ्या आगीतून येऊन.

तात्या सरळ सँड्रीनाकडे गेला आणि तिच्या डोक्यावर काळा झालेला हात ठेवला. "तुझा पाखरू जळला गो बाय," तो म्हणाला. "माका दिसला. वाटेच्या तोंडार बसला होता आणि जळत होता. तेच्या उजेडान वाट गावली." ती पोरगी तोवर खांबासारखी उभी होती, तेव्हा ढसाढसा रडली. तात्या तिला थोपटत राहिला. सकाळी आम्ही जाऊन बघितलं तर भोंग्याचा नुसता गोळा झाला होता.

नंतर तात्यानं मला बाजूला घेतलं. बंबाच्या मागे, जिथं कुणी ऐकत नव्हतं.

"पायस, कुकारो बरो मारलंस. जीव वाचयलंस आमचे."

मी म्हटलं, "तात्या, भोंगो तर…"

"ऐक. आमी पाण्यात उतरलंव. सगळे इले. मगे झिलाक नावान हाक कित्याक मारलंस?"

झिलाक म्हणजे माझ्या पोराला, आणि मी तर त्याला नावानं हाक मारलीच नव्हती. तात्यानं माझा चेहरा बघितला. त्यालाही ते कळलं असेल. मीच विचारलं, "मगे… तेना काय केल्यान?"

"बापाशीचो आवाज," तात्या म्हणाला. "पोरग्यान ओ दिल्यान. मी तेचा तोंड धरूच्या आदीच दिल्यान." आणि तो तिथंच खाली बसला, एवढा वेळ आगीत उभा राहिलेला माणूस.

बाकी सगळं चांगलं झालं हो. तेच मी सगळ्यांना सांगतो आणि ते खरं आहे. विभागाने सँड्रीनाला बोल लावला नाही, उलट नवा ड्रोन दिला. सभेत साहेबांनी विचारलं की या प्रसंगातून कामात काय बदल करावा. ती उभी राहून म्हणाली, "भोंग्यातून कोणाचंही नाव घ्यायचं नाही. गावाची जी हाक असेल ती द्यायची, आणि ती गावच्या माणसानंच द्यायची." साहेबांनी का म्हणून विचारलं नाही. आता कुठंही वणवा लागला की आधी ड्रोन वर जातो, तात्या पडद्यावर बघतो, मग टहाळेवाले उतरतात. तो आणि सँड्रीना भांडतात काय, हसतात काय. त्यानंतर आमच्या भागात एकही बाग गेली नाही. तात्या गाऱ्हाण्यात तिचं नाव आता तिच्या आईबापाच्या नावासकट घेतो. मला तर ती भेटली की उगाच अभिमान वाटतो, जणू मीच शिकवली. तुम्ही लिहिणार असाल तर हे नक्की लिहा.

पुढचं लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

क्रिस्टोफर आत आहे. बरा आहे, जेवतो, कामाला जातो. फक्त तिन्हीसांजेला, कुणी हाक मारलेली नसताना, तो मधेच "ओ" म्हणतो. पहिल्यांदा वेरोनिकाला वाटलं मी बोलावलं, मला वाटलं तिनं. मग आमच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी रोज दिवेलागणीला त्याच्या शेजारी बसतो आणि बोलत राहतो. इंजिनाचं, माशांचं, कसलंही. बायको म्हणते, केवढी बडबड करतोस. करतो. त्याच्या कानाशी माझा आवाज असला पाहिजे, एवढं मला समजतं.

परवा असाच या बाकावर बसलो होतो, तुम्ही बसलात तिथं तो, इथं मी. बंबाच्या टायरचं काहीतरी सांगत होतो. माझं वाक्य अर्धं तोंडात होतं, आणि तो सड्याकडे मान वळवून म्हणाला, "ओ पपा, इलंय." आणि उठला.

मी त्याचं मनगट धरलं. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, नीट, खालपासून वरपर्यंत.

"तुमी कोण?" त्यानं विचारलं.

मग डोळे मिटून उघडले, हसला. "हात सोडा पपा, दुखता."

मी सोडला नाही.